मावशीची साठी

नवीन वर्षाच्या सकाळी पुरुषमंडळी पूर्वजांच्या चौरंगावर मेणबत्त्या लावण्यात गुंतली, तेवढ्यात इन्जाने सासूच्या कपाटाचा दुसरा खण हळूच उघडला आणि पोरांना द्यायची पैशांची पाकिटं लोकरीच्या मोज्यांखाली सरकवून दिली. खण लावताना करकरलाच. स्वयंपाकघरातून सासूचा आवाज आला, "कोण गं तिकडे?"

"मी आहे. पायपुसणं शोधतेय."

"पायपुसणं कपाटात असतं का?"

"नसतं तर नसतं," म्हणून इन्जा बाहेर आली. दोघींनाही माहीत होतं. तीन वर्षं हेच चाललं होतं. पूजा झाली की नातवंडं ओळीने वाकून नमस्कार करणार, म्हातारी मोठ्या ऐटीत कपाटाशी जाणार, पाकिटं काढणार आणि "उधळू नका रे, आजीच्या घामाचे आहेत," असं बजावून एकेकाच्या हातात ठेवणार. त्या वेळी इन्जा छताकडे बघत असे. माशाला मीठ किती, गाद्यांच्या घड्या कशा घालाव्यात, कशाकशावरून म्हणून या सासू-सुनांची जुंपायची नाही असं नव्हतं. पण पाकिटांच्या बाबतीत दोघींपैकी एकीचीही जीभ कधी घसरली नव्हती.

ओसाकातल्या इकुनो या कोरियन वस्तीच्या त्या गल्लीत घरोघरी चपला बनत. ह्यान कुटुंबाच्या पुढच्या खोलीतही बनत. म्हातारीने, म्हणजे लग्नानंतरही माहेरचंच आडनाव राहिलेल्या यांग चुनवलने, नवऱ्यामागे त्याच खोलीत बसून तळांना गोंद लावून दोन मुलं वाढवली. गोंदाचा वास या घराच्या भिंतींत इतका मुरला होता की सणाच्या उदबत्त्याही त्याच्यापुढे हार खात. पण आता व्यापारी बाहेरून स्वस्त माल आणू लागले होते. मोठ्या मुलाचं, दोंगसूचं मशीन आठवड्यातले निम्मे दिवस झाकलेलं असे आणि म्हातारीची बोटं वाकून गेली होती. ती कुणाकडे काही मागत नसे. हल्ली मात्र तिने एक दिवसाआड सार्वजनिक न्हाणीघरात जाणं बंद केलं होतं. विचारलं तर म्हणे, "थंडी बाधते." जन्मभर तिथल्या कढत पाण्यात गळ्यापर्यंत बसून गल्लीतल्या बायकांशी गप्पा मारल्या, तेव्हा नाही बाधली ती थंडी! इन्जाला कळायचं ते कळलं होतं, आणि आंघोळीचे पैसे कुठल्या मोज्याखाली ठेवायचे ते मात्र कळत नव्हतं.

पूजा यथासांग झाली. नमस्कार झाले, पाकिटं वाटून झाली, इन्जाने छताकडे बघून घेतलं. पोरं वरच्या खोलीत पळाली आणि मोठी माणसं जेवायला बसली. तांदळाच्या पांढऱ्या चकत्यांचं वाफाळतं सूप, तोक्कुक, वाडग्यावाडग्यातून पुढे आलं. आज ते प्यायलं की माणूस एका वर्षाने मोठं होतं. म्हातारीने दरवर्षीसारखाच आपला छोटा वाडगा उचलला, चुलीशेजारच्या फळीवर नेऊन ठेवला आणि रिकाम्या हाताने येऊन बसली.

"झालं! आई याही वर्षी वाढली नाही," धाकटा मिनछोल हसला. "आम्ही म्हातारे होणार आणि ही आहे तिथेच राहणार."

"चुलीच्या देवतेला आधी," म्हातारी म्हणाली. तेही दरवर्षीचंच.

मिनछोल कोबेहून आला होता. तिथे तो एका हिशेबनिसाच्या कचेरीत होता. पाच वर्षांपूर्वी त्याने जपानी नागरिकत्व घेतलं आणि नाव मोतोयामा लावलं, तेव्हापासून मोठा भाऊ त्याच्याशी तिरकंच बोलायचा. आज सकाळपासून मिनछोल काहीतरी तोंडात धरून बसला होता. सूप अर्धं झाल्यावर तो म्हणाला, "दादा, पेन्शनचं कळलं का? एप्रिलपासून नियम बदलतोय."

"मोतोयामा साहेबांनाच कळायचं ते. आम्ही परके."

"परक्यांसाठीच सांगतोय. चार वर्षांपूर्वी आपल्या लोकांना घ्यायला लागले, पण वय झालेल्यांची वर्षंच भरत नव्हती. आता आपल्याला दाराबाहेर ठेवलं होतं ती वर्षंही पात्रतेत धरणार. त्या वर्षांचे पैसे मिळणार नाहीत, पण आत तरी जाता येईल. पुढचे हप्ते भरायचे, मग पासष्टीनंतर थोडंफार का होईना, आपल्या स्वतःच्या नावावर येत राहील."

म्हातारीच्या चॉपस्टिक्स मुळ्यावर थबकल्या. स्वतःच्या नावावर. इन्जाने ते बघितलं.

"मग आईचं करून टाकू," दोंगसू म्हणाला. रागावलेला असला तरी आईच्या बाबतीत तो सरळ होता.

मिनछोलने मान खाली घातली. "तेच तर. एप्रिलला ज्यांची साठी उलटलेली असेल, त्यांना नाही. आईची दोन वर्षांपूर्वीच झाली."

म्हातारीने मुळ्याची फोड उचलली आणि सावकाश चावली. "बरं झालं," ती म्हणाली. "कोण जातंय त्या खिडक्यांपुढे उभं राहायला!"

नेमकं तेव्हाच दार सरकलं आणि कांगकाकू आत आल्या. पलीकडच्या गल्लीत राहायच्या. म्हातारीच्याच गावच्या, चेजू बेटावरच्या. दोघी एकाच बोटीतून पोरवयात ओसाकाला उतरलेल्या. अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. "वर्ष सुखाचं जावो! काय रे, सणाच्या दिवशी सुतकी चेहरे कसले? मासा करपला का?"

मिनछोलने त्यांना बसायला दिलं आणि पेन्शनची गोष्ट पुन्हा सांगितली. काकूंनी मांडीवर थाप मारली. "कर भरायला आम्ही इथलेच, आणि देताना परदेशी! पण थांब. मला तर मिळणार म्हणजे! माझी साठी अजून दोन वर्षांवर आहे."

"तुम्हाला मिळेल, काकू. आईला नाही."

"हे रे कसं? मला मिळणार आणि हिला नाही? आम्ही दोघी ड्रॅगनच्या वर्षातल्या! हिची आई तापाने पडली होती तेव्हा माझ्या आईने एका बाजूला मला आणि एका बाजूला हिला–"

"तोंड आवर," म्हातारी म्हणाली.

इतक्या हळू आवाजात ती कधीच बोलत नसे. कांगकाकूंनी दोन्ही हात तोंडावर नेले, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

"आई तर ड्रॅगनच्या चार वर्षं आधीची, उंदराच्या वर्षातली आहे," दोंगसू म्हणाला. "कागदावर आहे तसं. आपण साठी केली ती उंदराच्याच वर्षी."

मिनछोलच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. "आई, काकू म्हणतात ते खरं असेल तर तू अजून साठीची नाहीस. जन्मनोंद दुरुस्त होते. गावाकडच्या कोर्टात अर्ज करायचा, ओळखीच्या दोन वडीलधाऱ्यांनी साक्ष द्यायची. वेळ लागेल, होईलच असंही नाही, पण–"

"मी देते साक्ष!" कांगकाकू म्हणाल्या. "माझा भाऊही देईल. सगळ्या गावाला माहीत आहे."

"कुणी काही द्यायचं नाही," म्हातारी उठली. "मी उंदराच्या वर्षातलीच आहे." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मागे राहिले ते कांगकाकूंवर तुटून पडले. काकूंनी आधी कानांवर हात ठेवले, मग रडल्या, मग नाक पुसून सांगितलं. चुनवल ही म्हातारीची मोठी बहीण. चार वर्षांची होऊन गोवराने गेली. आईने ती गेल्याचं कधी कळवलंच नाही. त्याच सुमारास दुसरी मुलगी झाली, तिलाच ते नाव, तीच नोंद चिकटली. तेव्हा गावोगाव असं होत असे. पोरं जगतील न जगतील, नोंदणीसाठी डोंगर ओलांडून कोण जाणार!

इन्जाला वाटलं होतं मिनछोल खुश होईल आणि दोंगसू त्याला साथ देईल. झालं उलटंच. दोंगसूचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी हॉल घेतला, सगळी गल्ली बोलावली, फळांचे मनोरे रचले, सगळ्यांसमोर आईच्या पायावर डोकं ठेवलं, आणि ती साठी तिची नव्हतीच?"

"दादा, तो प्रश्न आत्ता–"

"तुला काय कळणार! तू नाव बदललंस, आता आईचंही बदल!" त्याने वाडगा बाजूला सारला. "काही दुरुस्ती-बिरुस्ती नाही. मी मेलो तरी लोकांना जाऊन सांगणार नाही की साठी चुकली म्हणून."

इन्जा नवऱ्याला ओळखून होती. आयुष्यात त्याला मोठं असं एकच काम जमलं होतं, आणि ते तो समारंभ होता. व्यवसाय बुडत चाललेला, भाऊ दुरावलेला. पण आईची साठी आपण थाटात केली, ही गोष्ट तो अजून ग्राहकांना सांगत असे. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली. ती उठून आत गेली.

म्हातारी चुलीसमोर पाटावर बसली होती. फळीवरच्या वाडग्यातलं सूप गार झालं होतं. इन्जाने तो वाडगा वीस वर्षं पाहिला होता, घासला होता, पुसला होता, आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की देवतेचा वाडगा लहान मुलाच्या मापाचा का असावा.

"तो चुलीच्या देवतेचा नाही ना, आई?"

म्हातारीने मान हलवली.

इन्जा तिच्याजवळ खालीच बसली.

"बोटीवर चढताना आई म्हणाली होती," म्हातारी मग बोलू लागली. "म्हणाली, तुझी ताई गेली असं मी कुणाला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. तू जगशील तितकी ती जगेल. त्यानंतर आई मला कधी भेटली नाही. आता तो मिनछोल म्हणतो, कोर्टात सांग, ती चार वर्षांची असताना मेली. कशासाठी सांगायचं? महिन्याच्या चार पैशांसाठी?" तिने वाकड्या बोटांनी डोळे पुसले. "मला पैसे हवेत गं. खोटं कशाला बोलू. दर वर्षी तुझी पाकिटं माझी म्हणून वाटताना मला काय होतं ते माझं मला माहीत. पण त्यासाठी ताईला मारू?"

पाकिटांचं नाव पहिल्यांदाच उघड्यावर आलं होतं.

"मग तिला पूर्वजांच्या चौरंगावर का नाही बसवत? इथे कोपऱ्यात का?"

"पोर म्हणून गेली ती. पोराची पूजा नसते. लग्न नाही, संसार नाही, म्हातारपण नाही. तिला कोण वाकणार? आणि हे ह्यानांचं घर. माझ्या माहेरचं माणूस इथे बसवते म्हटलं असतं तर तुझ्या सासऱ्याने वाडग्यासकट मला बाहेर काढलं असतं."

इन्जाला तो समारंभ आठवला. रचलेल्या फळांमागे, रेशमी कपड्यांत बसून म्हातारी नुसती रडत होती. एका खारकेला तिने हात लावला नव्हता. सगळे म्हणाले, आनंदाश्रू. डोळे टिपायला इन्जा वाकली तेव्हा म्हातारी पुटपुटत होती, "खा गं, खा." इन्जाला वाटलं होतं, आपल्यालाच म्हणताहेत, म्हणून तिने खरोखरच एक मिठाई तोंडात टाकली होती.

ती एकदम सरळ बसली.

"आई, त्या दिवशी तुम्ही कुणाला खा म्हणत होता?"

म्हातारीने फळीवरच्या वाडग्याकडे बघितलं.

"म्हणजे ती साठी त्यांचीच होती. तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तुम्ही बसलात. मग त्या पोर कशा? त्यांच्या नावाने लग्न झालं, दोन मुलगे झाले, घर झालं. ज्यांची साठी झाली, ज्यांच्या पायावर सगळ्या गल्लीसमोर मुलांनी डोकं ठेवलं, त्यांची पूजा का नाही व्हायची? चार वर्षांची मुलगी गेली असं कोर्टाला सांगा. कोर्टाला काय कळतंय! आपल्या घरात त्या सगळं आयुष्य जगून, साठी करून गेल्या. तुमच्या आईला दिलेला शब्द तुम्ही पाळलात. आता त्यांना जाऊ द्या, मानाने. किती दमल्या असतील त्या, इतकी वर्षं तुमच्याबरोबर गोंद लावून!"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून हसू आणि हुंदका असं काहीतरी एकत्रच बाहेर पडलं. "गोंद," ती म्हणाली. "तिला वास सहन व्हायचा नाही, असं मला नेहमी वाटायचं."

दारात कोणीतरी खाकरलं. दोंगसू उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मोठं माणूस चोरून ऐकताना पकडलं गेलं की जसं भलतीकडेच बघतं, तसा तो माठाकडे बघत होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "मी मावशीची साठी केली."

"तुम्हीच केलीत," इन्जा म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सुचली असती?"

"चुकली नाही म्हणजे."

"अजिबात नाही."

तो वळून बाहेर ओरडला, "ए मोतोयामा! नुसता बसलायस काय? छोटा चौरंग काढ. आणि शाई आण, तुझं अक्षर चांगलं आहे."

"ह्यानांच्या घरात माहेरची पूजा?" कांगकाकूंनी डोळे मोठे केले.

"मुख्य पूजा झाली ना? चौरंग उतरला ना? मग आता घर माझं," दोंगसू म्हणाला, आणि वडिलांच्या तसबिरीकडे त्याने एकदा जपून बघून घेतलं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी छोटा चौरंग मांडला. इन्जाने जुनं सूप काढून ताजं, वाफाळतं भरलं. वाडगा मात्र तोच ठेवला. शेजारी नासपती ठेवली, आणि कपाटात शिल्लक होती त्यातली एक मिठाई. मिनछोलने कागदाच्या पट्टीवर यांग चुनवल असं नाव लिहिलं आणि ती उभी केली. नाव चौरंगावर गेलं तशी म्हातारी त्याच्याकडे टक लावून बघू लागली. आजवर ते नाव तिने दुसऱ्या कुणाचं म्हणून कधी समोर पाहिलं नव्हतं.

दोन्ही मुलगे शेजारी शेजारी उभे राहून वाकले. एकाचं डोकं दुसऱ्याच्या आधी टेकलं, तेव्हा मोठ्याने डोळा तिरका करून धाकट्याला दमात घेतलं. पुढच्या नमस्काराला दोघे बरोबर वाकले. मग म्हातारी पुढे आली. गुडघे धरून, इन्जाच्या खांद्याचा आधार घेऊन ती कशीबशी खाली बसली आणि तिने कपाळ जमिनीला लावलं.

"ताई," ती म्हणाली. तिने अशी हाक जन्मात कुणाला मारली नव्हती. "ताई, खूप दूर आणलं गं तुला मी. आता आईकडे जा. सांग तिला, मी धड आहे."

कांगकाकू भोकाड पसरून रडल्या. इन्जाने पदर नव्हता म्हणून ॲप्रनच तोंडाला लावला. पूजेच्या शेवटी रीतीप्रमाणे मिनछोलने पट्टी मेणबत्तीवर धरली. कागद जळून ताटलीत पडला.

मग तोच मिनछोल, हिशेबनिसाच्या कचेरीतला, जरा चाचरत म्हणाला, "आई, अर्जात तुझं नाव लिहावं लागेल. हे तर आता मावशीचं झालं. तुला लहानपणी वेगळं काही म्हणायचे का?"

"'ए' म्हणायचे," कांगकाकू म्हणाल्या. "सगळ्यांनाच 'ए' म्हणायचे."

सगळे हसले. म्हातारी हसली नाही. ती इन्जाकडे वळली.

"तुझ्या दोन्ही मुलींची नावं मी ठेवली," ती म्हणाली. "मियोंग आणि मिसुक. तू बाळंतिणीच्या खाटेवर होतीस, तुला कुणी विचारलंही नाही. तू काही बोलली नाहीस, पण माझ्या लक्षात आलं होतं. तुझ्या मनात एखादं असेल ना तेव्हा?"

इन्जाला वाटलं, हे आपल्या तोंडावर दिसत होतं इतकी वर्षं? तिने मान डोलवली.

"मग ते मला दे."

वीस वर्षं ते नाव इन्जाने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "हेरान."

"यांग हेरान," म्हातारीने जिभेवर घोळवून पाहिलं. पुन्हा एकदा म्हणाली. मग जरा लाजली. "पोरीचं वाटतंय गं."

"दोन वर्षांनी साठी करू तुमची. तोवर पोरच आहात तुम्ही."

"पुन्हा हॉल?" दोंगसू दचकून म्हणाला, आणि लगेच छाती पुढे काढून, "करू! अर्धा खर्च मोतोयामा साहेबांचा."

म्हातारी जेवणाच्या ताटापुढे येऊन बसली. "इन्जा, माझं वाढ," ती म्हणाली. "मोठ्या वाडग्यात."

इन्जाने वाढलं. म्हातारीने वाडगा दोन्ही हातांनी धरला, वाफ तोंडावर घेतली, एक चकती खाल्ली, मग दुसरी. सगळे तिला एका वर्षाने मोठी होताना बघत होते.

"मीठ कमी पडलंय," यांग हेरान म्हणाली, आणि तिने सूप शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.